उणे १९६ अंशांतही न मरणारे जंतू

मुरबाडजवळच्या एका गोठ्यात परवा कृत्रिम रेतन बघायला थांबलो. डॉक्टरांनी कंटेनरचं झाकण काढलं तशी पांढरी वाफ जमिनीकडे ओघळली आणि चिमट्यातून वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेली, उदबत्तीच्या काडीसारखी बारीक कांडी वर आली. ती लगेच ३७ अंशांच्या कोमट पाण्यात गेली. अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून डॉक्टर ती पुसत असताना गाईच्या मालकीणबाईंनी विचारलं, "एवढ्या गारठ्यात रोगाचे जंतू मरतच असतील, नाही का?"

प्रश्न अगदी नेमका होता. आणि उत्तर आहे, नाही. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनात शुक्राणू जगावेत म्हणून वीर्यात ग्लिसरॉल आणि अंड्याचा पिवळा बलक घालतात. हीच उबदार दुलई जंतूंनाही मिळते! वळूच्या कातडीवरून, शेणामातीतून थोडे जंतू वीर्यात येतातच. एका वेळच्या वीर्यापासून दोन-चारशे कांड्या होतात, म्हणजे एका वळूचा जंतू तितक्याच गोठ्यांत पोहोचू शकतो. त्यातला कॅम्पिलोबॅक्टर फार लबाड. बाधा झालेला वळू धडधाकट दिसतो. म्हसा यात्रेत बैल पारखणाऱ्या जाणत्यांनाही काही कळणार नाही. पण त्याची लागण झालेली गाय पुन्हा पुन्हा उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. दारात एकच गाय असलेल्या घरात एक माज हुकला की पुढचे २१ दिवस नुसती वाट बघायची.

१९४०च्या दशकात अमेरिकेत जॉन ऑल्मक्विस्ट यांनी वीर्यात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन मिसळून पाहिलं, आणि ही पद्धत रुळली. जंतू मरतात, मग शुक्राणू कसे वाचतात? पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही, आणि शुक्राणूला तशी भिंतच नसते. स्ट्रेप्टोमायसिन जंतूचा प्रथिनं बनवणारा कारखाना बिघडवतं. आपल्या पेशींतला कारखाना वेगळ्या घडणीचा. मात्रा मात्र बेताचीच हवी, जास्त झाली तर शुक्राणूंनाही बाधते. शिवाय हे सगळं काम गोठवण्याआधीच्या काही तासांत उरकावं लागतं. एकदा गोठलं की औषधही थिजतं.

मला काळजी वाटते ती पुढची. काही जंतू या जुन्या जोडीला आता दाद देत नाहीत, म्हणून जेंटामायसिन, टायलोसिन, लिंकोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिन अशी चौकडी वापरात आली. तीही कायम पुरणार नाही. वीर्य घेण्याआधी वळूचं पोट धुणं, तिथले केस कापणं, ही कामं म्हणूनच औषधाइतकी मोलाची.

"मरत नाहीत ताई, म्हणून तर त्यात औषध असतं," डॉक्टर म्हणाले. मग कागदाने गाईचं योनीद्वार दोनदा पुसून घेतलं, आणि वीर्य आत सोडायच्या गनवर नवं आवरण चढवलं.