रॅगिंग प्रतिबंध

महाविद्यालयात, विशेषतः वसतिगृहात, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून होणारा छळ रोखण्यासाठी केलेले कायदे, नियम आणि संस्थांतर्गत व्यवस्था. मान खाली घालून शर्टाच्या तिसऱ्या बटणावर नजर खिळवून उभे राहणे, सीनियरांच्या जर्नल उतरवून देणे, मध्यरात्री खोलीवर बोलावले की निमूट जाणे, असे प्रकार ‘इंट्रो’ या नावाखाली वर्षानुवर्षे खपवून घेतले गेले. यातून भीड मोडते आणि पुढे मैत्री जुळते, असे त्याचे समर्थन माजी विद्यार्थीच नव्हे, तर काही प्राध्यापकही करीत; त्यामुळे प्रतिबंधाला पहिला विरोध संस्थेच्या आतूनच झाला.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये स्वतंत्र रॅगिंगविरोधी कायदा केला. ज्या वर्तनाने विद्यार्थ्याला इजा होते, भीती किंवा लाज वाटते, अथवा जे तो एरवी स्वखुशीने करणार नाही ते करण्यास त्याला सांगितले जाते, अशा वर्तनाचा त्याच्या व्याख्येत समावेश आहे. आवाराबाहेर घडलेला प्रकारही त्यातून सुटत नाही. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; शिवाय विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. या कायद्यातील सर्वांत धारदार तरतूद मात्र विद्यार्थ्यांसाठी नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, तथ्य दिसल्यास आरोपीला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी, आणि यात त्याने कुचराई केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जावे, असे कायदा सांगतो. ‘मुलांमुलांतले भांडण’ म्हणून प्रकरण मिटवण्याची वाट त्यामुळे निदान कागदावर तरी बंद झाली.

देशपातळीवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. पुढे न्यायालयाच्या निर्देशानुसार सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. त्यांनुसार संस्थेत रॅगिंगविरोधी समिती आणि अचानक फेरी मारणारे पथक असते, विद्यार्थी व पालक रॅगिंगविरोधी शपथपत्र देतात, दर सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी नेमला जातो, आणि पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवागतांचे निनावी सर्वेक्षण करायचे असते. छळ करणारे ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. ती गटातील गुप्तता फोडते की उलट गट अधिक घट्ट करते, याविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे. या विनियमांच्या २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण, भाषा, प्रदेश, लैंगिक कल इत्यादींवरून होणारा छळ व्याख्येत स्पष्टपणे आला.

शपथपत्र प्रवेशाच्या इतर कागदांबरोबर भरले जाते आणि विसरले जाते. त्यापेक्षा नवागतांची राहण्याची वेगळी सोय आणि रात्री खरोखर जागेवर असणारा अधीक्षक हे साधे उपाय अधिक कामाचे ठरतात. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणात मात्र तेही अपुरे पडतात. तेथे ड्युटीचे वाटप, शस्त्रक्रियेत हात घालण्याची संधी आणि वॉर्डातले रोजचे शिक्षण वरिष्ठ निवासी डॉक्टरांवर अवलंबून असते. छळ कामाच्या वेळेत, कामाच्याच भाषेत होतो आणि तक्रार करणाऱ्याला त्याच युनिटमध्ये उरलेली वर्षे काढायची असतात. मे २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर नोंदलेल्या गुन्ह्यात रॅगिंगविरोधी कायद्याबरोबर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचीही कलमे लागली. वैद्यकीय संस्थांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये वेगळे विनियम केले.

पीडिताला महाविद्यालयातच दाद मागावी लागू नये म्हणून २००९ पासून चोवीस तासांची राष्ट्रीय मदतवाहिनी (१८००-१८०-५५२२) चालवली जाते.