सांजवेळेचं तैलचित्रण: शहर आणि पाणी

सूर्य मावळल्यापासून अंधार पडेपर्यंतचं शहर आणि त्याच्या काठचं पाणी तैलरंगात रंगवायचं, हा निसर्गचित्रणातला एक अवघड पण फार सुंदर प्रकार. अवघड यासाठी की उजेड मिनिटामिनिटाला बदलतो आणि रंग मात्र दिवसचे दिवस ओला राहतो. खानदेश साधारण 21 अक्षांशावर आहे, इथे सूर्य बुडाल्यावर क्षितिजाखाली 6 अंश जायला, म्हणजे संधिप्रकाश बराचसा सरायला, जेमतेम 20-25 मिनिटं लागतात, म्हणजे जागेवर बसून अख्खं चित्र होणारच नाही हे धरूनच निघायचं.

1841 मध्ये रंगाच्या ट्यूबचं पेटंट निघालं आणि तैलरंग बाहेर नेणं सोपं झालं. फ्रेंच चित्रकार मोनेने 1872 मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरावरची पहाट रंगवली, वेळ उलटी असली तरी धडा तोच आहे, त्या चित्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघितला तर सूर्य जवळपास गायब होतो कारण तो आकाशापेक्षा उजळ नाहीच, फक्त रंगाने वेगळा आहे. चित्रकार व्हिस्लर 1870 च्या दशकात लंडनची थेम्स नदी नुसती बघून लक्षात ठेवायचा आणि स्टुडिओत एकदम पातळ रंगात उतरवायचा. माझ्या मते आपल्याकडे व्हिस्लरचीच पद्धत जास्त कामाची.

जागांना खानदेशात तोटा नाही. जळगावात मेहरूण तलाव, पूर्वेच्या काठावर उभं राहिलं की पाणी आणि मावळता सूर्य दोन्ही समोर. भुसावळला तापीवरचा रेल्वे पूल, मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, नंदुरबारकडे प्रकाशा हे गाव. धुळ्यात पांझरा नदीला पाणी असेल तेव्हाच जावं.

जागेवर फक्त छोट्या बोर्डवर टोन टिपायचे: आकाश, पाणी, इमारती, यात सगळ्यात उजळ काय आणि सगळ्यात गडद काय. अंधार वाढतो तसा डोळ्याला लाल रंग काळपट आणि निळा उजळ दिसायला लागतो, याला पर्किंजे परिणाम म्हणतात, म्हणून कौलं दुपारच्या आठवणीने लाल रंगवली की चित्र फसतं. काळा रंग ट्यूबमधून थेट लावू नये, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून येणारा गडद टोन जिवंत राहतो.

खरी मजा पाण्यात आहे. उजळ गोष्टीचं प्रतिबिंब किंचित गडद पडतं आणि गडद गोष्टीचं किंचित उजळ. पाणी हलत असेल तर काठावरच्या दिव्याचा ठिपका दिसत नाही, आपल्याकडे येणारा लांब उभा पट्टा दिसतो. तो असा काढायचा: खालचा रंग ओला असतानाच दिव्याचा रंग वरून खाली एका दमात ओढायचा, मग कोरडा फ्लॅट ब्रश आडवा, अगदी हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचा आणि थांबायचं, जास्त फिरवला की चिखल झालाच. चटकन वाळणाऱ्या ॲक्रिलिकमध्ये हे जमवायला धावपळ होते, तैलरंग मात्र थांबून राहतो.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं, उलट केलं तर पुढे तडे जातात. घाण्यावरचं तेल नको, जास्त पिवळं पडतं, आर्टच्या दुकानातलं रिफाइंड घ्यावं. तैलरंग वाळतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणि उष्णतेत हे लवकर होतं, त्यामुळे मे महिन्यात लवकर धरतो, पण त्याच दिवसांत धूळ उडते आणि ओल्या आकाशावर चिकटून बसते, तेव्हा कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवावा आणि व्हार्निशला निदान सहा महिने थांबावं.