घरगुती सर्व्हर खोली

घरगुती सर्व्हर खोली : राहत्या घरात सर्व्हर (इतर यंत्रांना सेवा पुरवणारे, सतत चालणारे संगणक), माहितीसाठ्याची यंत्रे, राउटर, यंत्रे एकमेकांना नेटवर्कने जोडणारा स्विच आणि त्यांना वीज पुरवणारी उपकरणे एकत्र व अखंड चालू ठेवण्यासाठी राखलेली जागा. ती स्वतंत्र खोलीच असावी लागते असे नाही; जिन्याखालचा कोनाडा, अडगळीची खोली, तळघर किंवा मोठे भिंतीतले कपाटही या कामी येते. वीज, शीतन आणि नेटवर्क ही तीन कामे सहसा तीन वेगवेगळ्या कारागिरांची समजली जातात आणि म्हणून त्यांचे नियोजनही सुटेसुटे होते. प्रत्यक्षात पहिली दोन कामे एकाच आकड्याची दोन टोके आहेत. संगणक यांत्रिक काम जवळपास करत नसल्याने प्लगमधून आत आलेला प्रत्येक वॅट अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीतच उतरतो आणि तितकाच बाहेर काढावा लागतो. त्यामुळे किती वॅट लागणार हे मोजल्याखेरीज रॅक (यंत्रे एकावर एक बसवण्याचा सांगाडा), यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारे उपकरण) किंवा एसी यांपैकी काहीही विकत घेणे म्हणजे माप न घेता कपडे शिवण्यासारखे आहे.

मोजणीत पहिली चूक होते ती यंत्राच्या आतील पुरवठा-भागावरच्या, म्हणजे पॉवर सप्लायवरच्या, चिठ्ठीवर विसंबल्याने. चिठ्ठीवरचे ७५० वॅट ही त्या पुरवठ्याची कमाल क्षमता असते. यंत्र निवांत असताना त्याच्या एका छोट्या हिश्शावर भागते. प्लग आणि यंत्र यांच्यामध्ये बसणारे साधे वॅटमापक लावून तीन वेळचे आकडे टिपावेत : यंत्र सुरू होतानाचा, निवांत चालतानाचा आणि पूर्ण ताणाखालचा. साडेतीन इंची फिरती हार्ड डिस्क चालू असताना सात-आठ वॅट घेत असली, तरी थांबलेली तबकडी गतीत आणताना तिला काही सेकंद वीसहून अधिक वॅट लागू शकतात. आठ डिस्क एकदम फिरू लागल्या तर तो क्षणिक भार दीडशे-दोनशे वॅटपर्यंत जातो. विजेचे बिल निवांत आकड्यावरून येते, यूपीएसची निवड ताणाखालच्या आकड्यावरून होते आणि एमसीबी (जादा भार आला की सर्किट तोडणारा खटका) पडतो तो सुरुवातीच्या आकड्यामुळे. सतत चालणारे १०० वॅट वर्षाला ८७६ युनिट खातात, हे एवढे एक गणित माहीत असले तरी फुकट मिळालेला जुना सर्व्हर खरोखर फुकट आहे का, हे कळते.

खोलीसाठी वितरण फलकापासून निघणारे स्वतंत्र सर्किट असावे. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सर्किटावर ३,६८० वॅट आणि १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटावर १,८०० वॅट ही कागदावरची मर्यादा होय. तासन्‌तास वाहणारा भार तिच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवण्याचा नियम काही देशांच्या विद्युत संहितांत आहे आणि जिथे तो नाही तिथेही पाळण्याजोगा आहे. इस्त्री दहा मिनिटांत बंद होते, त्यामुळे सैल जोड तापला तरी पुन्हा निवतो. सर्व्हरच्या प्लगला निवायला सवडच मिळत नाही. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा आणि त्यात तिसरा खोचण्याची सवय याच कारणाने येथे धोक्याची ठरते.

अर्थिंगबाबत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमधील गाळणी परिपथ थोडासा प्रवाह नेहमीच अर्थिंगकडे सोडतो. प्लगवर चालणाऱ्या सामान्य उपकरणाला ३.५ मिलिअँपिअरपर्यंत अशी मुभा असते. एका यंत्राची गळती नगण्य असते, पण एकाच आरसीसीबीमागे (प्रवाह अर्थिंगकडे गळू लागला की वीज तोडणाऱ्या खटक्यामागे) दहा पॉवर सप्लाय आले की त्यांची बेरीज होते, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. मग कुठलाही बिघाड नसताना रात्री-अपरात्री वीज जाते आणि दोष मात्र नव्याने आणलेल्या यंत्रावर ढकलला जातो. यावर उपाय भार दोन आरसीसीबींत वाटण्याचा आहे. संरक्षण काढून टाकणे हा उपाय नव्हे.

यूपीएसवर छापलेला व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) हा आकडा सहसा वॅटपेक्षा मोठा असतो आणि घाईत तोच वाचला जातो; भार जुळवायचा तो वॅटच्या आकड्याशी. ऑफलाइन, लाइन-इंटरॅक्टिव्ह (दाबातले लहान चढउतार स्वतः सावरणारा) आणि ऑनलाइन असे याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या दोहोंत वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास काही मिलिसेकंद लागतात. चांगला संगणकी पॉवर सप्लाय पूर्ण भारावरही सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणून हा खंड सहसा जाणवत नाही. ऑनलाइन प्रकारात वीज सदैव बॅटरीच्या बाजूने फिरून येत असल्याने खंड पडत नाही, पण रूपांतरातील नासाडी चोवीस तास उष्णता बनून खोलीतच राहते आणि पंख्याचा आवाजही. विजेचा दाब फारसा हेलकावत नसेल तर घरासाठी लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकार पुरेसा ठरतो. भार निम्मा केला तर बॅटरी दुपटीहून अधिक वेळ टिकते, त्यामुळे मोठा यूपीएस घेण्याआधी त्यावरून अनावश्यक यंत्रे उतरवणे स्वस्त पडते.

यूपीएसचे खरे काम तासभर गाडा ओढण्याचे नसून यंत्रे व्यवस्थित बंद करण्यापुरता अवधी देण्याचे आहे. एक प्रसंग जवळून पाहिला तर यातल्या खाचाखोचा दिसतात. वीज जाते आणि यूपीएस बीप वाजवू लागतो. यूएसबी तारेने त्याला जोडलेले यंत्र बॅटरीची पातळी वाचत राहते, ठरलेल्या टक्क्यांवर आल्यावर ते इतर यंत्रांना नेटवर्कवरून बंद होण्याचा निरोप धाडते. हा निरोप ज्या स्विचमधून जायचा तो स्विचच यूपीएसवर नसेल, तर निरोप पोहोचतच नाही. आता समजा सर्व यंत्रे नीट बंद झाली आणि बॅटरी संपण्यापूर्वीच वीज परतली. बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ मांडणीच्या आज्ञावलीत) ‘वीज आल्यावर सुरू हो’ अशी मांडणी केलेली असूनही यंत्रे उठत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. म्हणून बंद होण्याच्या शेवटच्या टप्प्यात यूपीएसलाच आपला पुरवठा काही क्षण तोडण्याची आज्ञा द्यावी लागते. नेटवर्क यूपीएस टूल्स या मुक्त आज्ञावलीत ही सोय आहे, आणि सोबत कसलेल्या माणसाने यंत्रे ठराविक अंतराने एकेक करून उठतील असेही पाहावे, नाहीतर सर्वांचा सुरुवातीचा भार एकाच क्षणी एमसीबीवर येतो.

शीतनाचा हिशेब वर काढलेल्याच आकड्याने सुरू होतो. १ वॅट म्हणजे तासाला ३.४१ बीटीयू (उष्णतेचे एक एकक), आणि एक टनाचा एसी म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे ३,५०० वॅट. ५०० वॅटच्या खोलीला एक टनाचा एसी लावला तर तो पाच-दहा मिनिटांत खोली गार करून बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. या लपंडावात कॉम्प्रेसर झिजतो व हवेतील दमटपणा नीट निघत नाही. बहुतेक घरांच्या बाबतीत बाकीचे घर सुसह्य तापमानाला असेल, तर एसीची गरजच नसते. हवा बदलती ठेवली की भागते. ५०० वॅट उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर तासाला सुमारे १५० घनमीटर हवा लागते. एक बऱ्यापैकी एक्झॉस्ट पंखा एवढे सहज करतो, मात्र तेवढीच हवा आत येण्यासाठी दाराखाली फट किंवा जाळी हवी. ती नसेल तर पंखा फिरतो, आवाज करतो आणि हवा जागची हलत नाही.

बंद खोली किती लवकर तापते याचा अंदाज सहसा चुकतो. ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोलीत सुमारे २० घनमीटर, म्हणजे अदमासे २४ किलोग्रॅम हवा असते. ५०० वॅट उष्णता फक्त या हवेतच साठत गेली, तर दर ४८ सेकंदांनी एक अंश वाढतो. भिंती आणि लोखंडी सांगाडे उष्णता शोषत असल्याने प्रत्यक्षात वाढ याहून मंद असते, पण वीज गेल्यावर सर्व्हर यूपीएसवर चालू आणि एसी बंद ही स्थिती किती वेळ परवडते, हे यावरून कळते. पुष्कळसे एसी वीज परतल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. ठराविक तापमानाला यंत्रे स्वतःहून बंद होतील अशी तजवीज या सर्वांच्या आधी करावी.

ॲश्रे या तांत्रिक संस्थेने संगणकांच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान शिफारस केले आहे. येथे ‘तोंडाशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मागून निघणारी हवा ४० अंशांची असली तरी बिघडत नाही. तीच हवा वळसा घालून पुढून पुन्हा आत शिरली तर बिघडते. रॅकच्या समोर तळाशी एक आणि वरच्या टोकाशी एक असे दोन तापमापक टांगून पाहावे. वरचा चार-पाच अंश जास्त दाखवत असेल, तर रिकाम्या फटींमधून गरम हवा पुढे झिरपत आहे असे समजावे आणि त्या फटी कोऱ्या पट्ट्यांनी बंद कराव्यात. अशा एका पट्टीने जे साधते ते पुष्कळदा आणखी एका पंख्याने साधत नाही. एका नळीचा फिरता एसी मात्र टाळावा : तो खोलीतलीच हवा नळीवाटे बाहेर फेकतो, आणि तिची जागा भरण्यासाठी बाहेरची उष्ण हवा फटींतून आत ओढली जाते. भिंतीवरच्या एसीचे पाणी वाहून नेणारी नळी रॅकच्या डोक्यावरून कधीही जाऊ देऊ नये.

आवाज हाही शीतनाचाच भाग आहे. ज्या घरात माणसे झोपतात तिथे तो तापमानाइतकाच निर्णायक ठरतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी मिळते, पण त्याला लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते. म्हणून सावकाश फिरणारा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा हा किंचाळणाऱ्या ४० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा नेहमीच बरा. एक युनिट, म्हणजे जेमतेम साडेचार सेंटिमीटर, उंचीच्या सर्व्हरमध्ये याहून मोठा पंखा मावतच नाही, आणि कचेऱ्यांतून निवृत्त झालेली अशी स्वस्त यंत्रे घरात येताच पहिल्या रात्रीच बंद होतात ती यामुळेच. उष्णतेची आणखी एक झळ बॅटरीला बसते : यूपीएसमधील सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तिच्या ठरलेल्या तापमानाहून दर आठ-दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. ती जडही असते, तेव्हा यूपीएस रॅकच्या तळाशी, थंड हवेच्या बाजूला ठेवतात.

रॅकची रुंदी १९ इंच आणि उंचीचे एकक ४४.४५ मिलिमीटर असते, ते ‘यू’ या अक्षराने दाखवतात. घेताना उंचीपेक्षा खोलीचे माप, म्हणजे पुढून मागे किती अंतर आहे ते, अधिक तपासावे. मागे माणूस उभा राहील एवढी जागा न सोडलेला रॅक पहिल्याच दुरुस्तीच्या वेळी ओढून बाहेर काढावा लागतो.

नेटवर्कचे नियोजन वेगळ्या स्वभावाचे आहे. वॅट उद्या कमी करता येतात. भिंतीत गाडलेली केबल मात्र घराचे रंगकाम दोन-तीनदा होईपर्यंत तिथेच राहते. म्हणून केबलपेक्षा पाइप महत्त्वाचा : पुरेसा रुंद, कमी वळणांचा आणि आत ओढण्याची दोरी सोडलेला. प्रत्येक खोलीतून निघालेली केबल मध्ये कुठेही न जोडता थेट सर्व्हर खोलीतील पॅच पॅनेलवर (सर्व केबलांची टोके एकत्र येतात त्या फळीवर) आणावी. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग देते. कॅट ६ वर दहा गिगाबिट ५५ मीटरपर्यंत, तर कॅट ६ए वर पूर्ण १०० मीटर चालते. घराच्या अंतरांना कॅट ६ बहुधा पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण तिचा विद्युतरोध जास्त असल्याने केबलमधून वीज पाठवताना ती तापते. ती घेऊच नये. विजेच्या तारांशी समांतर धावणे टाळून जिथे ओलांडायचे तिथे काटकोनात ओलांडावे. दोन इमारतींमध्ये किंवा अंगणापलीकडे जोडणी करताना ऑप्टिकल फायबर वापरावा, कारण त्यातून वीज वाहत नाही आणि गडगडाटी पावसात कोसळलेली वीज त्या वाटेने घरात शिरत नाही.

इथे वॅट पुन्हा हिशेबात येतात. छतावरील वायफाय केंद्रे आणि कॅमेरे यांना केबलमधूनच वीज देणाऱ्या पद्धतीत स्विच एका तोंडातून २००३ च्या मानकानुसार १५.४ वॅट, २००९ च्या मानकानुसार ३० वॅट आणि २०१८ च्या मानकानुसार ९० वॅटपर्यंत पुरवतो. ही शक्ती बहुतांशी दूरच्या उपकरणात खर्च होत असल्याने सर्व्हर खोलीच्या उष्णतेत ती धरायची नाही, पण यूपीएसच्या भारात ती पुरेपूर धरावी लागते. एकाच रॅकमधील दोन यंत्रे दहा गिगाबिटने जोडायची असतील, तर तांब्याच्या केबलसाठी स्विचच्या तोंडात खोचायचे मॉड्यूल हाताला चटका बसेल इतके तापते. तेच काम थेट जोडणीची आखूड केबल नगण्य विजेत करते.

एका भौतिक जाळ्याचे व्हीलॅन पद्धतीने ४,०९४ पर्यंत भाग पाडता येतात. घराला चारच पुरतात : यंत्रांच्या देखभालीसाठी, सर्व्हरसाठी, घरच्या माणसांसाठी आणि ज्यांच्यावर फारसा विश्वास नाही अशा कॅमेरे-दिव्यांसाठी व पाहुण्यांसाठी. यंत्रांना द्यायचे अंकी (आयपी) पत्ते निवडताना १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या राउटरसोबत येणाऱ्या शृंखला सोडून द्याव्यात, नाहीतर बाहेरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून घरच्या जाळ्यात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) घरी जोडताना तिथल्या जाळ्याचे पत्ते आणि घरचे पत्ते एकमेकांत गुंततात. गुंतागुंतीची खरी जागा परस्परावलंबनात असते. नावांवरून पत्ते शोधून देणारी डीएनएस सेवा एखाद्या आभासी यंत्रावर (सर्व्हरवर आज्ञावलीने उभ्या केलेल्या संगणकावर) चालत असेल, आणि ते यंत्र ज्या साठ्यावर आहे त्याला मूळ सर्व्हर नावानेच शोधत असेल, तर वीज परतल्यावर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. डीएनएस आणि पत्तेवाटप ही दोन कामे म्हणून राउटरवर किंवा वेगळ्या छोट्या यंत्रावर ठेवतात, आणि साठ्याचा पत्ता अंकांत लिहितात.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावतात. कोणता क्रमांक कोणत्या खोलीचा, कोणते यंत्र कोणत्या एमसीबीवर आणि कोणते आधी सुरू करायचे, याचा तक्ता कागदावर छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवतात. सर्व्हरवर जपून ठेवलेला तक्ता सर्व्हर बंद असताना उघडत नाही.