मीटर सदोष आहे आणि वीज कंपनी दाद देत नाही: तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कागदांसह करायची

बिल हातात आलं की आधी रक्कम बघू नका. महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट असे रकाने असतात. त्यातलं चालू रीडिंग घेऊन मीटरपाशी जा. बिलावरचा आकडा मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर मीटरचा दोष नाही, रीडिंग घेणाऱ्याचा (किंवा घरी न येताच आकडा टाकणाऱ्याचा) आहे. मीटर क्रमांक आणि आकडा एकाच चौकटीत दिसेल असा फोटो काढा आणि रीडिंग दुरुस्तीचा अर्ज द्या. हे प्रकरण बहुतेक वेळा खालच्याच पातळीवर मिटतं.

रीडिंगच्या जागी 'लॉक', 'फॉल्टी' किंवा 'आरएनए' (रीडिंग उपलब्ध नाही) असा शेरा आणि दर महिन्याला तेवढेच युनिट, हा दुसरा प्रकार. हे सरासरीचं बिल. केंद्र सरकारच्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० नुसार एका आर्थिक वर्षात अशी दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिलं देता येत नाहीत. त्यापुढेही तेच चाललं, तर अपवादात्मक परिस्थिती वगळता प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. अर्जात या नियमाचा उल्लेख केला की बोलण्याचा सूर बदलतो, असा अनुभव आहे.

रीडिंग बरोबर आहे आणि तरी युनिट भरमसाट आहेत, तेव्हा संशय मीटरवर. घरच्या घरी एवढं तपासा. मीटरनंतरचा मेन स्विच बंद करा. तरीही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आपोआप पळतंय किंवा मीटर आणि मेन स्विच यांच्यामधून कुणीतरी वीज घेतंय. मेन चालू, पण घरातली सगळी उपकरणं बंद असताना दिवा लुकलुकत असेल, तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, नाहीतर मीटर 'ओके' असल्याचा अहवाल येईल आणि तुमची बाजू कमकुवत होईल. दोन्ही ठीक असेल तर मीटरच्या दर्शनी भागावर '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' अशासारखा आकडा शोधा. याचा अर्थ एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. बाकी सगळं बंद ठेवून १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावला, तर मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. व्होल्टेजनुसार थोडं मागेपुढे होईल; ऐंशी-नव्वद वेळा लुकलुकत असेल, तर व्हिडिओ काढून ठेवा. हा कायदेशीर पुरावा नव्हे, पण अर्जात ठाम काय लिहायचं ते यातून कळतं.

१९१२ वर फोन करून किंवा ॲपवरून तक्रार नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. लोक इथेच थांबतात. आठवड्याने तक्रार 'निकाली' दाखवली जाते आणि हातात काहीच उरत नाही. कॉलचा तक्रार क्रमांक टाकून उपविभागीय कार्यालयाच्या अभियंत्याच्या नावे लेखी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. काउंटरवर पोच द्यायला टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. 'मीटर तपासावे' एवढंच मोघम लिहू नका. असं लिहा:

'माझ्या मीटरची नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही. मीटरची प्रयोगशाळेत चाचणी करून लेखी अहवाल द्यावा, तसेच पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवावे.'

अतिरिक्त मीटरची मागणी मुद्दाम. वर सांगितलेल्या ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार, नोंद वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यापासून पाच दिवसांत कंपनीने असं मीटर लावायचं आहे आणि किमान तीन महिने त्यावरून वापर पडताळायचा आहे. सदोष मीटर असल्याच्या तक्रारीवर चाचणी ३० दिवसांत व्हायला हवी.

अर्जाला जोडायचे कागद: वादातलं बिल, त्याआधीच्या वर्षभराची बिलं (मागच्या वर्षीचा तोच महिना त्यात हवाच), फोटो आणि ओळखपत्राची प्रत. एक कागद मात्र कुणी मागत नाही आणि तोच सगळ्यात कामाचा असतो, तो म्हणजे सीपीएल. ही ग्राहकाची महिनावार खतावणी; प्रत्येक महिन्याचं रीडिंग, युनिट, मीटरची स्थिती, झालेल्या दुरुस्त्या सगळं त्यात दिसतं. कार्यालयात मागा. महावितरण सरकारी कंपनी असल्यामुळे नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

तपासणीला माणूस आला की तो बहुधा ॲक्युचेक नावाचं यंत्र लावून जागेवरच टक्केवारी सांगतो. तोंडी 'ठीक आहे' ऐकून सोडू नका, स्थळ पाहणी अहवालाची प्रत घ्या. मीटर काढून नेताना जास्त सावध राहा. जुन्या मीटरचा क्रमांक, शेवटचं रीडिंग आणि सील यांचे फोटो काढा, मीटर बदली अहवालावर रीडिंग लिहिल्याशिवाय सही करू नका. जुनं मीटर एकदा गेलं की शेवटच्या रीडिंगचा वाद सोडवायला दुसरं काहीच हाती नसतं. सील तुटलेलं असेल तर ते आधीच लेखी कळवलेलं बरं. नंतर तेच तुमच्यावर छेडछाड म्हणून शेकू शकतं.

मीटर सदोष ठरलं तर बिल चाचणीच्या निकालानुसार दुरुस्त होतं, पण महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार वाद उद्भवलेल्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतंच. म्हणून वर्षभर वाट बघण्यात तोटा तुमचाच. आणि हे दुधारी आहे: मीटर संथ निघालं, तर फरक तुमच्याकडून वसूल होतो. तोही याच मर्यादेत, त्यामुळे बंद मीटरच्या नावाखाली दोन-तीन वर्षांची वसुली आली तर भरून मोकळे होऊ नका. कित्येक महिन्यांचं साचलेलं रीडिंग एकदम आलं असेल, तर स्लॅबचा लाभ मागा. युनिट महिन्यांवर विभागले नाहीत, तर सगळा वापर ३०१ ते ५०० किंवा ५०० च्या वरच्या महागड्या टप्प्यात जातो. दुरुस्तीच्या प्रस्तावाला कार्यालयात 'बी-८०' म्हणतात. 'साहेब, बी-८० पाठवला का?' असं विचारलं की तुम्हाला प्रक्रिया माहीत आहे हे समोरच्याला कळतं.

दरम्यान वीज तोडायची धमकी येते. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. वाद असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, जी कमी असेल ती, हरकत नोंदवून भरली तर वाद सुटेपर्यंत वीज तोडता येत नाही. 'हरकतीसह भरणा' असं पत्र पावतीसोबत द्या. बिल भरणंच बंद करण्याचा मार्ग मला कधीच शहाणपणाचा वाटला नाही. त्याने मूळ तक्रार बाजूला पडते आणि थकबाकीदार म्हणून वागणूक सुरू होते.

एवढं करूनही उत्तर नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच. महावितरणचे मंच परिमंडळनिहाय आहेत; मुंबईत अदानी, टाटा पॉवर आणि बेस्ट यांचे स्वतंत्र. आयोगाच्या २०२० च्या विनियमातला अनुसूची 'अ' हा अर्ज भरायचा; वकील लागत नाही. बिल ज्याच्या नावावर आहे तोच अर्ज करू शकतो असा समज आहे, पण कायद्यातल्या 'ग्राहक' या व्याख्येत ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे तोही येतो. भाडेकरूने भाडेकरार आणि बिल भरल्याच्या पावत्या जोडाव्यात. बिल मृत व्यक्तीच्या नावावर असेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद, शक्यतो आधी नावबदलच करून घ्यावा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज हवा. वीजचोरी (कलम १३५) किंवा अनधिकृत वापराची आकारणी (कलम १२६) मंचापुढे चालत नाही. १२६ च्या अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ खाली वेगळं अपील आहे, त्याची मुदत फक्त ३० दिवस. वीज तुटायची भीती असेल तर मुख्य अर्जासोबतच अंतरिम आदेश मागा.

मंचाने ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर आदेशापासून ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. निकाल तुमच्या बाजूने लागूनही कंपनी अंमलबजावणी करत नसेल, तर कलम १४२ खाली थेट आयोगाकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी आदेशाची प्रत कार्यालयात दिल्याची पोच लागते.