गाठ साधी, जागा अवघड

दांडिया बाजार असो की बाबाजीपुरा, बडोद्यातल्या मराठी घरात पोरगं वर्गात सगळ्यांत बुटकं राहिलं की आजी म्हणतेच, "आजोबांवर गेलाय. दहावीनंतर काढेल उंची." बहुतेक वेळा तसंच होतं. पण शाळकरी वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. ही वाढ चारच्याही खाली आली, दोन वर्षांपूर्वीची पँट आजही तोकडी होत नसली, तर कारण शोधायलाच हवं. कारणं बरीच असतात आणि बहुतेक सोपी असतात. क्वचित मात्र मेंदूच्या तळाशी क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ निघते.

ही गाठ दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला जेमतेम एक-दोन जणांना होते. पाच ते चौदा हे एक वय, आणि पन्नाशी ओलांडल्यावरचं दुसरं. हिला कॅन्सर म्हणत नाहीत. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. 'साधी गाठ आहे' हे ऐकून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमकी तिथेच गफलत होते.

गाठ उगवते ती पिट्युटरी ग्रंथीच्या आसपास. आईच्या पोटात चौथ्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या तोंडाच्या छतातून एक पिशवी वर सरकते आणि तिच्यापासून पिट्युटरीचा पुढचा भाग तयार होतो. जर्मन शरीररचनातज्ज्ञ मार्टिन राथके यांनी १८३८ मध्ये तिचं वर्णन केलं. या पिशवीच्या मागे राहिलेल्या पेशींतून पुढे कधीतरी गाठ वाढते, असं मानलं जातं. मूळ तोंडातलं, म्हणून मुलांमधल्या गाठीची रचना दाताचं इनॅमल घडवणाऱ्या ऊतीसारखी दिसते आणि तिच्यात कॅल्शियमचे खडे साचतात. सीटी स्कॅनवर ते पांढरेशुभ्र उठून दिसतात. आत बहुधा द्रवाने भरलेली पोकळी असते. सुईने हा द्रव ओढला तर गाडीच्या इंजिनातून काढलेल्या जुन्या ऑइलसारखा काळपट-तपकिरी येतो, आणि उजेडात धरला की त्यातले कोलेस्टेरॉलचे कण चमचम करतात.

आता शेजार पाहा. खाली अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी, शरीराच्या बहुतेक हार्मोन्सवर हुकूम चालवणारी. वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात ती जागा. त्याच्याही वर हायपोथॅलॅमस: भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान सगळं तिथून चालतं. नसांच्या त्या चौकावर दाब आला की दोन्ही बाजूंचं, कानांकडचं दिसणं कमी होतं, समोरचं मात्र दिसत राहतं. त्यामुळे मूल तक्रार करत नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटतं, उत्तरायणात गच्चीवर बाजूने आलेला पतंग त्याला उशिरा दिसतो, आणि घरचे त्याला वेंधळा म्हणतात. घरी एवढं करून पाहता येईल: मुलाला समोर बसवा, तुमच्या नाकाकडे बघायला सांगा, एकेक डोळा झाकून कानाच्या बाजूने बोट हलवत पुढे आणा. बोट फार उशिरा दिसत असेल तर चष्म्याच्या नंबरावर भागवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. सकाळची डोकेदुखी, उलटी, रात्री उठून उठून पाणी पिणं, हेही सांगा.

अमेरिकन मेंदू-सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये या गाठीचं नाव रूढ केलं, आणि मेंदूच्या सर्जनला सर्वांत जास्त सतावणाऱ्या गाठींत तिची गणना केली. पुढे कितीतरी वर्षं ध्येय एकच होतं: गाठ मुळासकट काढायची. काढताही येत होती. पण हायपोथॅलॅमसला चिकटलेला भाग ओढून काढलेल्या मुलांना ऑपरेशननंतर न भागणारी भूक लागू लागली. वजन थांबेना, झोपेचं चक्र बिघडलं. एमआरआयमध्ये गाठ नव्हती, आणि घरात फ्रिजला कुलूप लावायची वेळ आली होती. असं मूल हावरट नसतं, त्याला बोलून काही उपयोग नसतो. 'पोट भरलं' हा निरोप पोहोचवणारी जागाच जखमी झालेली असते.

म्हणून आज अनेक केंद्रं हायपोथॅलॅमसला लागलेला तुकडा मुद्दाम सोडतात आणि उरलेल्यावर रेडिएशन, आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात, ते देतात. आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा आठवडे. गाठ पुन्हा न वाढण्याचं प्रमाण दोन्ही मार्गांनी जवळपास सारखंच येतं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "थोडी ठेवली आहे," तर ते अपयश समजू नये. माझ्या मते सर्जनला आधीच विचारण्याचा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे: हायपोथॅलॅमसजवळ तुम्ही कुठे थांबणार?

योग्य जागी असलेली गाठ आता बऱ्याचदा नाकातून, दुर्बिणीने काढतात. कवटीच्या तळाला पडलेलं भोक नाकाच्या पडद्याचंच अस्तर, रक्तपुरवठ्यासह वळवून, बुजवतात. तरीही नंतर वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टपटपलं तर सर्दी समजू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. लहान मुलांत प्रोटॉन शेकाचा विचार होतो, कारण तो गाठीपलीकडच्या मेंदूला कमी पोहोचतो. चेन्नईत ही सोय २०१९ पासून आहे, आणि बडोदेकरांना रात्रीच्या गाडीने गाठता येईल अशा खारघरला, टाटाच्या केंद्रात, २०२३ पासून.

मोठ्यांमधला एक प्रकार वेगळा निघाला. त्यात बहुतेक वेळा बीआरएएफ जनुकात एकच ठरावीक बदल असतो, हे २०१४ मध्ये कळलं. हाच बदल त्वचेच्या मेलानोमा कॅन्सरमध्ये सापडतो आणि त्यावर गोळ्या होत्याच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेमुराफेनिब आणि कोबिमेटिनिब ही जोडी १६ रुग्णांना दिली. १५ जणांची गाठ आकसली, आणि आकारातली घट मध्यकाने ९१ टक्के होती. आकडा लहान आहे, पण दुर्मीळ आजारात असे आकडे क्वचितच हाती लागतात. मुलांमधल्या गाठीत हा बदल नसतो, म्हणून या गोळ्या त्यांना लागू नाहीत.

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस वहीचे असतात. किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली, तासातासाला मिलीमध्ये. कारण काहींना आधी धो धो लघवी होते, मग काही दिवस अचानक थांबते, मग पुन्हा सुरू होऊन कायमची राहते. मधल्या त्या दिवसांत 'भरपूर पाणी पी' म्हणणारा पाहुणा घात करतो. रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. पुढे डेस्मोप्रेसिनने, म्हणजे लघवी रोखणाऱ्या हार्मोनसारख्या औषधाने, लघवी ताब्यात राहते. मे महिन्यात बडोदं बेचाळीस अंशांवर तापलेलं असताना पाणी आणि गोळी यांचा मेळ एन्डोक्रिनॉलॉजिस्टकडून, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडून, ठरवून घ्यावा.

आणि हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे पिट्युटरी दुखावल्यावर शरीरात कमी पडणाऱ्या कॉर्टिसोल हार्मोनची भरपाई. नवरात्रातला उपवास असो वा परीक्षा, ही गोळी चुकवायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे डोस वाढवायचा, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर ताबडतोब इंजेक्शन घ्यायचं. हे लिहिलेलं कार्ड शाळेच्या दप्तरात ठेवावं आणि त्याची एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी.