थंड इंजिनाची टकटक: आवाज किती वेळात थांबतो?

रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या पिकअपचे पेट्रोल इंजिन सुरू करताच बॉनेटखालून लयबद्ध टकटक ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर ती नाहीशी होते, तेव्हा बहुतेकांचा पहिला संशय ऑइलवर जातो. हा संशय निराधार नसला, तरी नुसत्या आवाजावरून निदान करू गेल्यास फसगत होण्याचाच संभव अधिक, कारण एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोष जवळजवळ सारखेच वाजतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधनही एकदाच जळते. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना) दोन्हींचे ठोके मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला सुमारे सात, असेच पडतात. त्यामुळे ठोके मोजून फारसे हाती लागत नाही. घड्याळ लावायचे ते टकटक थांबायला किती वेळ लागतो, हे पाहण्यासाठी.

काही सेकंदांतच आवाज थांबत असेल, तर बहुधा हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतील ऑइलने भरलेला छोटा भाग, वाजत असतो. त्याच्या पोटातील ऑइलच्या दाबामुळे व्हॉल्व्हच्या यंत्रणेतील फट भरलेली राहते. गाडी उभी असताना ते ऑइल हळूहळू निसटते आणि दाब पुन्हा तयार होईपर्यंत धातूवर धातू आपटतो. फिल्टरमधील ऑइल परत खाली उतरू न देणारी झडप निकामी झाली असेल किंवा थंडीच्या मानाने फार दाट ऑइल भरले असेल, तर हा वेळ वाढतो. ५डब्ल्यू-३० यासारख्या अंकनात ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दर्शवतो, आणि तो उत्पादकाने सांगितलेलाच असावा.

टकटक काही मिनिटे टिकत असेल, तर मात्र एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतील जळालेला वायू गोळा करून बाहेर नेणारा नळांचा जोड, आधी तपासावा. पुष्कळ इंजिनांत सिलिंडर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) ॲल्युमिनियमचे आणि त्यावर बोल्टने आवळलेला मॅनिफोल्ड बिडाचा असतो. तापमानातील वाढ सारखीच असेल तर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. परंतु मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी अधिक तापतो. ५० सेंटिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले तर साधारण ०.९ मिलिमीटरने वाढेल, तर तेवढ्याच लांबीचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापल्यास दोन मिलिमीटरहून अधिक वाढेल. ही ओढाताण इंजिन तापण्या-थंडावण्याच्या प्रत्येक वेळी टोकाच्या बोल्टांना सोसावी लागते आणि कधीतरी त्यांपैकी एखादा तुटतो. मग थंड असताना उघडी राहिलेली फट वायूच्या प्रत्येक झोताबरोबर टकटकते आणि धातू तापून फुगला की बुजते. इंजिन बंद व थंड असताना टॉर्च घेऊन पाहिले, तर गॅस्केटच्या (हेड आणि मॅनिफोल्ड यांमधील सांधा बंद करणाऱ्या पट्टीच्या) कडेला काजळीचा काळा ओघळ दिसतो. कधी बोल्टचे डोकेच जागेवर नसते. अशा बोल्टवर ऑइलमध्ये ओतायच्या कोणत्याही बाटलीचा इलाज चालत नाही, हे बाटली विकत घेण्याआधी लक्षात घेतलेले बरे.

तितकाच वेळ टिकणारा दुसरा आवाज पिस्टनचा. ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पिस्टन थंड असताना सिलिंडरमध्ये किंचित सैल असतो आणि भिंतीवर आपटतो. तापून फुगला की ही फट कमी होते. संशयित सिलिंडरचे इंधन फवारणारे इंजेक्टर स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी उपकरणाने) क्षणभर बंद केल्यास पिस्टनचा आवाज आणि मॅनिफोल्डची गळती दोन्ही मंदावतात, लिफ्टरच्या आवाजात मात्र सहसा फरक पडत नाही. उरलेल्या दोघांचा निवाडा काजळी करते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचे इंजेक्टर तर गरम झाल्यावरही बारीक टिकटिकतात, आणि तो दोष नव्हे.

यांपैकी कशातच न बसणारा आवाज म्हणजे इंजिन तापल्यावर किंवा भार पडल्यावर वाढणारा खोल, जड ठोका. तो कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असू शकतो. असा ठोका ऐकू आला किंवा ऑइलच्या दाबाचा दिवा लागला, तर पुढचे निदान इंजिन चालू ठेवून करू नये. ते ताबडतोब बंद करून गाडी ओढून न्यावी.