व्हीपीएन की प्रॉक्सी? आधी ठरवा, लपायचंय कोणापासून

कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी असो, की अंबाबाईच्या दर्शनाला येऊन महाद्वार रोडजवळच्या लॉजवर उतरलेलं कुटुंब असो, दोघांचंही इंटरनेट दुसऱ्याच्या राउटरमधून जातं. त्या राउटरवाल्याला नेमकं काय दिसतं? आणि ते लपवायला व्हीपीएन किंवा प्रॉक्सी कितपत कामाची?

समजा, तुम्ही बँकेची साइट उघडली. फोन आधी डीएनएस सर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्राला, विचारतो, या नावाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) कोणता? हा प्रश्न बहुतेक वेळा उघडाच जातो. पुढे जोडणी होतानाही साइटचं नाव सहसा पुन्हा एकदा उघडं पडतं. त्यानंतरचं सगळं, म्हणजे पासवर्ड, शिल्लक, व्यवहार, एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीमुळे एन्क्रिप्ट झालेलं, म्हणजे तिसऱ्याला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात, असतं. तुम्ही कोणत्या बँकेच्या साइटवर गेलात हे राउटरवाल्याला कळू शकतं, खात्यात किती पैसे आहेत ते कळत नाही. फुकटचं वाय-फाय वापरलं की खातं रिकामं झालंच, ही भीती माझ्या मते जाहिरातींनी फार फुगवली आहे.

प्रॉक्सी हा मध्यस्थ. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) टाकला की तुमची मागणी आधी त्याच्याकडे जाते आणि साइटला त्याचा आयपी दिसतो. पण हे फक्त त्या ब्राउझरपुरतं. व्हॉट्सअ‍ॅप, मेल, बाकीची अ‍ॅप्स नेहमीच्याच वाटेने जातात. शिवाय साधी एचटीटीपी प्रॉक्सी किंवा १९९६ साली प्रमाणित झालेली सॉक्स५ ही प्रॉक्सीची पद्धत स्वतःहून काहीच एन्क्रिप्ट करत नाही. 'मला अमुक साइटशी जोड' हा निरोप राउटरवाल्याला सरळ वाचता येतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरलेली जर्नल्स घरून वाचायची असतील, तर प्रॉक्सी उत्तम. लपायला ती पुरत नाही.

व्हीपीएन ब्राउझरच्या खाली, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवर काम करतं. कुठल्याही अ‍ॅपमधून निघालेलं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) उचलायचं, पत्त्यासकट एन्क्रिप्ट करायचं आणि नव्या पॅकेटमध्ये घालून व्हीपीएन सर्व्हरकडे धाडायचं. २०२० मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलेलं वायरगार्ड हे व्हीपीएन तंत्र यासाठी चाचा२० ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरतं. आता राउटरवाल्याला एकाच सर्व्हरचा पत्ता दिसतो, आणि किती डेटा कधी गेला तेवढं. किंमत वेगात मोजावी लागते: सर्व्हर सिंगापूरचा निवडलात, तर पुण्यातल्या साइटला जाणारं पॅकेटही सिंगापूरची फेरी मारून येतं.

खरी गोम मात्र पुढे आहे. राउटरवाला आणि इंटरनेट कंपनी जे पाहत होती, ते आता व्हीपीएन कंपनी पाहते. विश्वास टाकायचा माणूस बदलला, इतकंच. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी अशा नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यावर अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. फुकट व्हीपीएन घेताना तर, सर्व्हरचा खर्च कोण आणि कशातून भागवतंय, हे विचारायलाच हवं. गूगलमध्ये लॉगिन असाल, तर गूगलला तुम्ही कोण ते माहीतच असतं; तिथे व्हीपीएन आणि प्रॉक्सी दोन्हींचा उपयोग नाही.

लॉजच्या वाय-फायसाठी मी तरी पैसे भरून घेतलेलं, नोंदींबद्दलचं धोरण बाहेरच्यांकडून तपासून घेणारं व्हीपीएनच निवडेन. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये ते कायम चालू ठेवायचा आणि व्हीपीएनशिवायच्या जोडण्या अडवायचा पर्याय असतो. तो चालू करा. नाहीतर मधेच व्हीपीएन तुटलं, तर फोन गुपचूप साध्या वाटेने बोलू लागतो.